रोज न चुकता पाणी घालूनही कुंडीतला मरवा का जळतो? आणि तो जेवणात वापरता येतो का?

रोज न चुकता घालता ना, म्हणूनच जळतो.

इतक्या खात्रीने सांगते, कारण आमच्या आजीचा मरवा असाच गेला. मिरजेच्या घरी मागच्या दारी डालड्याच्या डब्यात होता, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं. आजी मातीत बोट खुपसून बघायची, कोरडी लागली तरच पाणी. पावसाळ्यात डबा पागोळ्यांच्या आत ओढून घ्यायची. अबोलीच्या गजऱ्यात मधेमधे मरव्याची काडी गुंफल्याशिवाय तिचा गजरा पुरा होत नसे.

आजी गेली जुलैत. डबा बरा दिसत नाही म्हणून काकांनी मरवा चिनी मातीच्या कुंडीत हलवला. त्या कुंडीला भोकच नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक जण आजीची आठवण म्हणून त्यात पेलाभर पाणी ओतायचा. तेराव्यापर्यंत पानं पिवळी, मग काळी. घरात आजही सगळे सांगतात, आजीमागोमाग मरव्यानेही प्राण सोडला. पण झाड उपटलं मी. मुळं काळी पडून बोटांत सुटत होती, मातीला गटारासारखा वास येत होता. ते झाड पाण्याने गेलं, बाकी कशानेही नाही.

एका फांदीचा शेंडा तेवढा हिरवा होता. तो चार बोटं कापला, खालची पानं काढली, निम्मी वाळू घातलेल्या मातीत खोचून सावलीत ठेवला. तीन आठवड्यांनी हलकेच ओढून बघितला तर घट्ट! तोच आज ठाण्यात माझ्या गॅलरीत आहे. काका म्हणतात, हा तो नव्हेच. मग मी काय बाजारातून आणला?

तुम्ही भोकाची कुंडी घ्या, चार-पाच तास ऊन लागू द्या. हिरव्या मण्यांसारख्या कळ्या दिसल्या की शेंडे खुडा. दिवाळीनंतर दोन काड्या दुसरीकडे लावून ठेवा.

आणि हो, खुशाल खा. ‘वेणीतलं पान भाजीत कसलं घालतेस’ हे मीही सासरी ऐकलंय. त्याला काही अर्थ नाही. दुकानात बाटलीत मार्जोरम म्हणून मिळतं ते हेच. ओरेगॅनोचं भावंड, पण स्वभावाने मऊ. जर्मनीत बटाट्याच्या सुपात आणि न्युरेंबर्गच्या सॉसेजमध्ये हाच घालतात. मी लोण्यावर परतलेल्या बटाट्यात गॅस बंद करताना चुरडून टाकते. आधी घातला तर वास उडून जातो. सर्दीला आजी वाफाऱ्यात टाकायची. नाक मोकळं व्हायचं, सर्दी मात्र आपल्या वेळेनेच जायची.

खाण्याआधी पान नीट बघा. उत्तरेत मरुआ नावाने सब्जाच्या जातीचं झाडही विकतात. मरव्याचं पान करंगळीच्या नखाएवढं, राखाडी झाक असलेलं, हाताला मखमली लागतं. मरव्याचं बाटलीतलं तेल पोटात घेऊ नका, आणि गरोदर असाल तर जेवणातल्या चार पानांपलीकडे जाऊ नका.

यंदा एक काडी काकांसाठी लावणार आहे. डालड्याचा तो डबा मी जपून ठेवलाय, भोकांसकट.