नोकरी सांभाळून कविता करता येते का? कवितेतून चार पैसे मिळतात का?

येते की. पैशाचं तेवढं विसरा.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशोब) करायच्या, हमाली-तोलाई वजा करायची, शेतकऱ्याला हिशोब समजावून द्यायचा, पोट यावर चालतं. आणि गल्लीत लग्न, बारसं, रिटायरमेंट काही असलं की "कवी, चार ओळी पाहिजेत" म्हणून लोक येतात, त्याचं मानधन म्हणजे टॉवेल, टोपी, नारळ आणि जेवण.

खरी ओढाताण फेब्रुवारी ते मे, कारण हळदीचा सीझन आणि लग्नसराई एकदमच अंगावर येते. मग सौदा, म्हणजे हळदीचा लिलाव, शेजारच्या दुकानापुढून आमच्या दुकानापुढं सरकेपर्यंत जो वेळ मिळतो त्यात मोबाईलवर मंगलाष्टक लिहायचं, मध्येच कोण हाक मारतो, ओळ जाते ती जातेच.

काही साहित्यिक मंडळी याला ऑर्डरच्या कविता म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडित वृत्तात, ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर यती म्हणजे थांबा, सुरुवातीलाच तीन गुरू म्हणजे लांब उच्चाराची अक्षरं, आणि लग्नघरच्यांना सगळे मामा-काका नावानिशी पाहिजेत! एकदा 'महादेव' आला. लघु, गुरू, गुरू, लघु. अख्ख्या ओळीत याला एकच जागा, १५ ते १८, आणि मागं एक गुरू उरतो, म्हणून शेवटी 'महादेवजी' केलं. आमच्याकडं मामाला 'जी' कोण लावतं? पण मामा खूश. असली घासाघीस केल्यावर स्वतःच्या कवितेत फालतू शब्द लगेच टोचायला लागतो, हे मला कुठल्या शिबिरात मिळालं नसतं. स्वतःच्या कविता मी संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन असतं तिकडं घेऊन जातो, तिथं आहेर नसतो.

आणि नोकरी करणारा कवी म्हणजे काय कमीपणा नाही हो, मर्ढेकर (मर्ढे साताऱ्यातलंच) आकाशवाणीत नोकरीला होते, वाटेगावचे अण्णाभाऊ मुंबईत गिरणीत राबले.

पगार असला की नाही म्हणता येतं, हा सगळ्यात मोठा फायदा. इलेक्शनला दारात गाडी येते, प्रचाराची गाणी लिहून द्या म्हणतात, कवितेला रोख पैसे मिळतात ते फक्त तेव्हाच. मी हात जोडतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही पार्टीचे शेतकरी पट्टी घ्यायला माझ्याच टेबलापुढं उभे असतात.