आवाज तुमचा, तर परवानगीही तुमचीच

"दशावतारात राजा करतंय. आमचो प्रयोग कोणीतरी मोबाईलवर शूट केल्यान, आता माझ्याच आवाजात एका दुकानाची जाहिरात फिरताहा. ह्या मी कधी बोललंच नाय! नाटकाक स्क्रिप्ट नाय, मग हक्क कसो सांगू?" (कुडाळ तालुका)

स्क्रिप्ट नाही म्हणून हक्क नाही हे आधी डोक्यातून काढा दादा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात परफॉर्मर म्हणजे नट, गायक, वादक तर आहेतच, अगदी जादूगार आणि गारुडीसुद्धा आहे, आणि लोकांसमोर लाइव्ह सादर केलंत की झाला परफॉर्मन्स, संवाद कागदावर असोत की आयत्या वेळी सुचलेले. तो रेकॉर्ड करून धंद्यासाठी वापरायचा तर तुमची परवानगी लागते आणि हा हक्क 50 वर्षं टिकतो.

अडचण पुढे आहे. एआयने नवीनच वाक्य बोलवलं तर ती तुमच्या प्रयोगाची कॉपी होत नाही, मग हा कायदा तोकडा पडतो. तिथे कामाला येतात व्यक्तिमत्त्वाचे हक्क, म्हणजे आपलं नाव, चेहरा, आवाज यांवरचा आपला हक्क. जुलै 2024 मध्ये अरिजित सिंगच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने परवानगीशिवाय आवाजाचा क्लोन, म्हणजे एआयने हुबेहूब नक्कल, करणाऱ्यांना रोखलं, 2025 मध्ये आशाताईंनाही तसाच दिलासा मिळाला. ही नावं मोठी आहेत खरं, तुम्हाला 'हा माझाच आवाज' हे दाखवावं लागेल, म्हणून जाहिरातीची लिंक, तारखेसकट स्क्रीन रेकॉर्डिंग, जुने व्हिडिओ, जत्रेची हँडबिलं सगळं जपून ठेवा आणि पहिली नोटीस त्या दुकानदाराला पाठवा, बहुतेक वेळा तिथेच जाहिरात उतरते.

मागे एका देवळाच्या पाठीमागे बघितलं होतं, राजा पेटाऱ्यावर बसून हातातल्या आरशात बघत रंग लावतोय आणि ओठातल्या ओठात रात्रीचं आख्यान जुळवतोय, पेटीचा सूर ऐकू आला तसा उठला आणि बेंबीच्या देठापासून असा आवाज लावला की झोपलेली पोरं उठून बसली. वर्षानुवर्षांची जागरणं आहेत त्या आवाजात. ती कुणी फुकटात उचलावीत हे मला अजिबात मान्य नाही.

"मी व्हॉइसओव्हर करते. स्टुडिओच्या नवीन अ‍ॅग्रीमेंटमध्ये 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असं आहे, पैसे एकदाच. सही करू का?" (रत्नागिरी)

नको ताई, निदान आहे तशी तरी नको. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात, मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो आणि जागा लिहिली नसेल तर फक्त भारत. पण 'कायमस्वरूपी, जगभर' लिहून तुम्ही सही केलीत की ही दोन्ही संरक्षणं गेली! हे शब्द खोडा, मुदत घाला आणि एक वाक्य वाढवा: 'या रेकॉर्डिंगवर एआय ट्रेन करायचं नाही, आवाजाचा क्लोन करायचा नाही, करायचा असेल तर वेगळी लेखी परवानगी आणि वेगळं मानधन.' अमेरिकेतल्या नटांनी 2023 मध्ये 118 दिवस संप केला त्यात डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि पैसे हा मोठा मुद्दा होता. एकटीने सांगितलंत तर दुसरीला बोलावतील ही भीती खरी आहे, म्हणून जिल्ह्यातल्या पाचदहा जणी आधी आपापसात बोला आणि सगळ्या जणी तेच वाक्य मागा.

"मुलाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला, पाठवले." (चिपळूण)

हा लेख वाचत बसू नका काका, आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा आणि बँकेला कळवा. पैसे जितके लवकर अडवले तितके वाचतात.

"बाबा भजनीबुवा होते. मंडळाला एआयने त्यांच्या आवाजात नवीन गजर करायचेत. आम्ही नाही म्हणू शकतो का?" (कणकवली)

व्यक्तिमत्त्वाचे हक्क माणसाबरोबर संपतात असं 2023 मध्ये दिल्ली हायकोर्टाने सुशांतसिंह राजपूतच्या केसमध्ये म्हटलंय, त्यामुळे तो रस्ता कठीण आहे. पण बाबांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरचा परफॉर्मरचा हक्क 50 वर्षांच्या आत असेल तर वारस म्हणून तुम्ही बोलू शकता, आणि त्या कॅसेटींशिवाय मंडळ क्लोन करणार कशावरून? लेखी नकार द्या. माझं मत विचाराल तर डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, समोरच्या बुवाला जाग्यावर उत्तर देणारा माणूस होता तो, न गायलेलं त्याच्या तोंडी घालू नये. मात्र कॅसेटी पेटीत ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते. पावसाळ्याआधी डिजिटल करून घ्या आणि मूळ कॅसेट कुणालाही देऊ नका, मंडळालाही नाही.