बस परत गेल्या, पैसे कुणीच दिले नाहीत

प्रश्न : अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहराने सदोष इलेक्ट्रिक बसवरून कंपनीवर दावा लावला आणि शेवटी एक डॉलरही न घेता तो मिटवला, असं वाचलं. म्हणजे शहराने माघारच घेतली ना? (सांगली)

उत्तर : तसं म्हणता येणार नाही. शहराने नव्या जलद बसमार्गासाठी बीवायडी या चिनी कंपनीकडे 60 फुटी जोडबस (मधे सांधा असलेल्या लांब बस) मागवल्या होत्या, त्यांतल्या 15 आल्या. शहराचं म्हणणं असं की, एका चार्जिंगला 275 मैल कबूल केले होते, चाचणीत 177च्या आसपास मिळाले. शिवाय ब्रेक, दारं, तापणाऱ्या बॅटऱ्या, व्हीलचेअर अडकवण्याचे पट्टे या तक्रारी होत्याच. कंपनीने आरोप फेटाळले. नोव्हेंबर 2018 मध्ये महापौर टिम केलर यांनी बस नाकारल्या, डिसेंबरात दावा दाखल झाला आणि मे 2019च्या अखेरीस मिटला. कंपनीने बस न्यायच्या, कुणी कुणाला काही द्यायचं नाही.

गोम अशी, की बस शहराच्या डेपोत उभ्या होत्या, पण शहराने त्यांचे पैसे दिलेलेच नव्हते. ताबा घेणं वेगळं आणि माल स्वीकारणं वेगळं. पैसे हातचे गेलेच नव्हते, तेव्हा वसूल करायची राहिली फक्त रखडपट्टीची भरपाई. आणि कुठला महिना बसमुळे गेला, कुठला बांधकामामुळे, हे कोर्टात वेगळं काढायला तज्ज्ञ, वकील आणि वर्षं लागतात. तोवर दुसऱ्या बस घेऊन तो बसमार्ग चालू करणं शहाणपणाचं. 30 नोव्हेंबर 2019 ला तो सुरू झाला, न्यू फ्लायरच्या डिझेल बसवर. विजेचं स्वप्न तेवढं मागे पडलं.

प्रश्न : रेंजमध्ये एवढी तफावत येते कशी? (नाशिक)

उत्तर : भार, चढ, एसी किंवा हीटर आणि थांब्यांची संख्या. करारात नुसतं ‘रेंज 440 किमी’ लिहिलं, की पुढे दोघेही आपापल्या परीने खरे ठरतात. किती प्रवाशांचा भार, एसी चालू की बंद, बॅटरी किती टक्क्यांवर चाचणी थांबवायची, हे कलमातच हवं. भारासाठी प्रत्येक आसनावर वजन केलेल्या वाळूच्या गोण्या ठेवाव्यात आणि बस आपल्याच मार्गावर चालवावी. विजेचे युनिट चार्जरच्या मीटरवर मोजा. डॅशबोर्डवर दिसतो तो अंदाज.

177 मैल म्हणजे 285 किमी. बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंतचा हा आकडा धरला आणि 20 टक्के राखून ठेवले, तर उरतात 228. बसचं दिवसाचं शेड्यूल 240 किमीचं असेल तर शेवटची फेरी गेली, किंवा दुपारी दुसरी गाडी जोडा.

प्रश्न : आमच्या परिवहन उपक्रमाने विकत घेतलेल्या बसच्या चासीला (खालच्या सांगाड्याला) दोन वर्षांतच तडे गेले. आता काय करता येईल? (सोलापूर)

उत्तर : बहुधा बस स्वीकारून झाल्या आहेत. 1930च्या माल विक्री कायद्याच्या कलम 42 नुसार वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. मग बस परत करण्याचा आग्रह टिकणं अवघड. कलम 59 खाली किमतीत घट किंवा भरपाई मागता येते. मुदत तीन वर्षं, आणि ती करारभंग झाल्यापासून मोजतात, तडा दिसल्यापासून नव्हे. कंपनीने हमी म्हणून दिलेल्या बँक गॅरंटीची तारीख आजच बघा. ती संपण्याआधी लेखी मागणी गेली नाही, तर हातातला सगळ्यात सोपा पैसा जातो.

बसवार फाईल करा : चासी क्रमांक, तडा दिसला तेव्हाचं किलोमीटर, मोजपट्टी लावून काढलेला फोटो, त्याच दिवशीचं जॉब कार्ड (वर्कशॉपमधल्या कामाची नोंद). महिनाअखेरीस एकाच पेनाने भरलेली कार्डं समोरचा वकील पहिल्या तासात ओळखतो. कंपनीच्या इंजिनिअरला लेखी बोलावून संयुक्त पाहणी करा, सह्या घ्या. तो आला नाही, तर तेही नोंदवा.

सगळ्यात मोठं नुकसान वर्कशॉपमध्येच होतं. गाडी सकाळी रस्त्यावर हवी म्हणून रात्री तड्यावर वेल्डिंग मारतात. मग कंपनी म्हणते, तुम्हीच छेडछाड केलीत. पाहणी होईपर्यंत निदान दोन बस तशाच उभ्या ठेवा. बदललेल्या तुकड्यांना टॅग लावून कुलपात ठेवा आणि भंगाराच्या लिलावाच्या यादीतून ते काढून टाका.

भाड्याच्या, प्रति किलोमीटर दराच्या ई-बसना यातलं बरंचसं लागू नाही. तिथे गाडी ठेकेदाराची असते. त्याच्या बिलातून दंड कापायचा.