कूपरच्या गाई खऱ्या की छापील?

प्रश्न: दादा, बेळगावात कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या सामानात गाई-मेंढरांचं इंग्रजी ऑइल पेंटिंग मिळालंय, खाली कूपरची सही आहे, खरं असेल काय? (एक वाचक, खानापूर)

उत्तर: थॉमस सिडनी कूपर (१८०३-१९०२) इंग्लंडातल्या कँटरबरीचा चित्रकार, जन्मभर गाई-मेंढरं रंगवली, पण त्याच्या नावावर नकलाही लय झाल्या, म्हणून नुसत्या सहीवर जाऊ नका. गाईच्या पाठीवर भिंग धरा, बारीक ठिपके दिसले की छापील समजा, ब्रशचे फटकारे बोटभर अंतरावरून उठून दिसले तर आशा आहे, मग फ्रेम उलटी करून कापड, खिळे, जुन्या चिठ्ठ्या बघा. ओल्या फडक्यानं अजिबात पुसू नका हं! आणि खानापूरचा पाऊस म्हणजे बुरशी ठरलेली, बाहेरच्या भिंतीला टांगू नका.