वाचकांचे प्रश्न : नोकियाचे ‘एन-गेज’ का चालले नाही?

प्रश्न : नोकियाच्या ‘एन-गेज’मध्ये मोबाइल फोन आणि खेळाचे यंत्र एकत्र होते. आज सगळेच फोनवर खेळतात; मग तेव्हाच्या जगातील सर्वांत मोठ्या फोन कंपनीला ते का जमले नाही? कल्पना काळाच्या फार पुढे होती, असे म्हणावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘काळाच्या पुढे’ हे स्पष्टीकरण मला पटत नाही. लोक फोनवर आवडीने खेळतात, हे १९९७ साली ६११० या फोनवर ‘स्नेक’ देऊन नोकियानेच दाखवून दिले होते. कल्पना योग्य होती. चूक झाली ती उपकरण घडवताना.

ऑक्टोबर २००३ मध्ये बाजारात आलेल्या एन-गेजमध्ये खेळाचे कार्ड बॅटरीखाली बसत असे. त्यामुळे खेळ बदलायचा म्हटले की फोन बंद करायचा, मागचे झाकण उघडायचे, बॅटरी काढायची, कार्ड बदलायचे आणि सारे पुन्हा जोडून फोन सुरू होण्याची वाट पाहायची. पडदा फोनला शोभेल असा उभा होता. खेळाच्या यंत्रांचा पडदा बहुधा आडवा असतो, कारण शर्यतीत किंवा धावपळीच्या खेळात समोरून काय येते आहे हे दोन्ही बाजूंना दूरवर दिसावे लागते. बोलण्याची सोय तर याहून अवघड होती. ऐकण्याची व बोलण्याची छिद्रे उपकरणाच्या अरुंद कडेवर असल्यामुळे ते कानाला आडवे, कड टेकवून धरावे लागे, आणि ज्या तरुणांसाठी ते बनवले होते त्यांनाच चारचौघांत तसे बोलण्याचा संकोच वाटला. शिवाय अमेरिकेत त्याची किंमत २९९ डॉलर होती, तर निन्टेन्डोचे ‘गेम बॉय ॲडव्हान्स एसपी’ हे हातात धरून खेळायचे यंत्र तेथे सुमारे १०० डॉलरला मिळत होते.

नोकियाने टीका ऐकली, हे मात्र नोंदवले पाहिजे. २००४ च्या ‘एन-गेज क्यूडी’मध्ये कार्डाची खाच बाहेर आली आणि फोन नेहमीसारखा कानाला लावता येऊ लागला, पण एमपी३ गाणी व रेडिओ काढून टाकल्यामुळे एक आकर्षण कमी झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस निन्टेन्डो डीएस आणि सोनीचे पीएसपी ही खेळाची नवी यंत्रे आली. एन-गेजचे तोवरचे बरेचसे खेळ इतर यंत्रांवरून आणलेले होते. ‘पाथवे टू ग्लोरी’सारखा, मुद्दाम एन-गेजसाठी रचलेला आणि ब्लूटूथ व इंटरनेटवरून इतरांबरोबर खेळता येणारा सुंदर युद्धखेळ २००४ च्या अखेरीस आला, तोवर दुकानदारांचा उत्साह मावळला होता. गेम बॉय ॲडव्हान्सची जगभरातील विक्री ८ कोटींवर गेली. एन-गेजची सुमारे ३० लाखांवर थांबली.

२००८ साली नोकियाने एन-गेज हे नाव स्वतंत्र उपकरणाऐवजी आपल्या काही स्मार्टफोनवरील खेळसेवेला दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले आणि २०१० मध्ये नोकियाची ती सेवाही बंद झाली.