‘अ‍ॅनोमी’, ‘नियम’ आणि ‘काही नेम नाही’

प्रश्न असा आला आहे: समाजशास्त्रातल्या ‘अ‍ॅनोमी’ला, म्हणजे समाजाने घालून दिलेलं माप सुटण्याच्या अवस्थेला, मराठीत ‘अराजक’ म्हणावं का? आणि तिच्यातला ग्रीक ‘नोमॉस’ व आपला ‘नियम’ एकाच धातूतून आले, हे खरं का?

दोन्हींचं उत्तर नाही.

‘अराजक’ या जागी वाचलं की माझं डोकं फिरतं. रस्त्यावर गाड्या अडकल्या की अराजक, परीक्षेचा घोळ झाला की अराजक, आता ही कल्पना मांडणाऱ्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खेमच्या माथीही तेच. अराजक म्हणजे राजा नसणं. एमिल दुर्खेमने १८९७च्या आत्महत्येवरील ग्रंथात अ‍ॅनोमीसाठी घेतलेलं एक उदाहरण १८७३ साली व्हिएन्नात बाजार कोसळला तेव्हाचं आहे. सम्राट फ्रान्झ योझेफ गादीवर होता, कायदे आणि पोलीस जागच्या जागी होते. आत्महत्या मात्र वाढल्या. एकीकरणानंतरच्या इटलीत भरभराट होत असताना वाढलेल्या आत्महत्याही तो याच सदरात टाकतो. त्याचं म्हणणं असं की, माणसाच्या हव्यासाला आतून माप नसतं. किती मिळालं म्हणजे पुरे, हे समाज ठरवून देतो. दिवाळं निघो की अचानक पैसा येवो, ते माप हलतं. यात राजाचा संबंध येतो कुठे?

आता व्युत्पत्ती. ‘नियम’ आणि ‘नोमॉस’ ही जोडी जुळवून छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी शब्द एकदा फोडून पाहावा. नियम म्हणजे नि + यम्. त्यातला ‘न’ उपसर्गाचा, ‘म’ धातूचा. यम् म्हणजे आवरणे. संयम त्यातलाच, आणि लगाम धरणारा सारथी तो यन्ता. ग्रीक ‘नोमॉस’ येतो ‘नेमेइन’पासून, म्हणजे वाटून देणे. तिथे ‘न’ आणि ‘म’ दोन्ही धातूचेच. आघात पहिल्या अक्षरावर असेल तर नोमॉस म्हणजे कायदा, शेवटच्यावर असेल तर चराऊ कुरण. कुरणांमागे फिरणारा पशुपालक तो ‘नोमास’, त्यावरून इंग्रजीतला नोमॅड. ज्याचं त्याला माप घालणारी नेमेसिस देवता याच घरातली, आणि इकॉनॉमीचं शेपूटही. नियमाच्या मुळाशी लगाम आहे, नोमॉसच्या मुळाशी वाटा. नातं शून्य.

पण खरी गंमत पुढे आहे. संस्कृत ‘नियम’ मराठीत झिजून ‘नेम’ झाला आणि त्यापासून आपण ‘नेमणे’ केलं: नेमून दिलेलं काम, नेमणूक. म्हणजे लगामापासून निघालेला शब्द मराठीत चालत चालत वाटून देण्यापाशी आला, जिथे ग्रीक ‘नेमेइन’ आधीपासून उभं होतं. हा निव्वळ योगायोग, पण यामुळे अ‍ॅनोमी सांगायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही, असं माझं ठाम मत आहे. ‘पावसाचा काही नेम नाही’, ‘त्याचा काही नेम नाही’ हे आपण रोज म्हणतो. काय अपेक्षा धरावी तेच कळेनासं होणं, हीच दुर्खेमची अ‍ॅनोमी. पाठ्यपुस्तकातली ‘प्रमाणकशून्यता’ कोणाच्या जिभेवर बसणार? शिवाय ती चुकीचीही आहे, कारण ही कल्पना पुढे नेणाऱ्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टनच्या मांडणीत शून्य काहीच नसतं.

रॉबर्ट मर्टन फिलाडेल्फियातल्या गरीब स्थलांतरित घरातला. त्याने १९३८च्या निबंधात दुर्खेमचा शब्द घेतला आणि अर्थ बदलला. पैसा कमवा, वर चढा, हे ध्येय समाज सगळ्यांना सारखंच नेमून देतो. तिथवर जाण्याची सरळ साधनं मात्र सगळ्यांना सारखी वाटून देत नाही. मग कोणी आडमार्गाने पैसा करतो, कोणी ध्येय सोडून नुसते नियम पाळत बसतो, कोणी दोन्ही सोडून व्यसनात बुडतो, कोणी बंड करतो. दुर्खेमकडे लगाम सुटला आहे, मर्टनकडे वाटा मिळालेला नाही. नकळत एक संस्कृत यम्‌कडे गेला आणि दुसरा ग्रीक नेमेइनकडे परतला! व्याख्या पाठ करून घेणारे हा फरक का सांगत नाहीत, हे मला खरंच समजत नाही.

तिसरा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर, त्याचं पुस्तक १९६३चं. त्याचा प्रश्न वेगळा: नेम नेमतो कोण? त्याच्या मते विचलन, म्हणजे समाजाच्या नियमांपासून ढळणं, कृत्यात नसतं. इतर लोक नियम लावून माणसावर शिक्का मारतात, त्यात असतं. म्हणून ‘विचलन’ ठीक, पण बातम्यांतलं ‘विकृती’ या अर्थाने अजिबात नको. तो शब्द स्वतःच शिक्का आहे. आपल्याकडे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच केलं. पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या, आणि त्यांतल्या कितीतरी भटक्या होत्या. नोमॉस आणि नोमॅड एका मुळाचे, तरी कायद्याला भटका नेहमी संशयितच वाटला. तो कायदा १९५२ साली गेला, ‘विमुक्त’ हे नाव मिळालं. पण गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालांवर जातात, ही तक्रार अजून थांबलेली नाही.