नंबर घातलेले साग

प्रश्न : परवा चोरलच्या बाजूला जंगलात गेलो होतो. काही सागांची साल तासून त्यांवर नंबर घातलेले दिसले. देशाचा एक तृतीयांश भाग जंगलाखाली आणायचं राष्ट्रीय धोरण असताना वनखातंच झाडं पाडणार? मग धोरण कशाला हवं?
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : मी या भागात रेंजर होतो, गावोगावी हाच प्रश्न मला विचारला जायचा. एक तृतीयांशाचं उद्दिष्ट 1988च्या वननीतीतलं आहे. पण कुठल्या टेकडीवरचं कोणतं झाड काढायचं, ते वनमंडळाच्या कार्य आयोजनेत ठरतं. ती साधारण दहा वर्षांची असते. ती कशी लिहायची याची संहिता देशभर एकच, 2014ची, 2023मध्ये सुधारलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996च्या आदेशापासून केंद्राच्या मंजुरीच्या आयोजनेबाहेर जंगलात तोड करता येत नाही. कूपात, म्हणजे आयोजनेत तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, नंबर घालतात तो यासाठीच, की पाडलेल्या प्रत्येक झाडाचा हिशेब लागावा.

तेव्हा नंबर पाहून मला धास्ती वाटत नाही. वाटते ती जमिनीकडे पाहून. सागाच्या खुंटाला फुटवे येतात, तो सावरतो. पण सालई, मोह, अंजन यांची रोपं कुठे आहेत? मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यात रोपं जातात. उरलेली गुरं खातात. तोडीनंतर कूपात काही वर्षं चराईबंदी असते, पण गावाला चाऱ्याची दुसरी सोय दिल्याशिवाय ती पाळली जात नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आयोजना इथेच फसते. टक्केवारीत मात्र यातलं काही दिसत नाही. वनसर्वेक्षणात एक हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांच्या शेंड्यांचं दहा टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन. त्यात आंब्याची बागही येते! 2023च्या अहवालात वनं आणि झाडं मिळून देशाचा 25.17 टक्के भाग भरतो. त्यात रोपं नसलेलं म्हातारं जंगलही आहेच.

पुन्हा जाल तेव्हा खाली बघा : बोटाएवढी रोपं किती, कशाची. वनमंडळ कार्यालयात त्या कूपाबद्दल आयोजनेत काय लिहिलंय ते विचारा. नाही सांगितलं तर माहिती अधिकारात अर्ज करा. आणि झाड पाडलेलं दिसलं तर खुंट तपासा. नंबर आणि वनखात्याच्या हातोड्याचा ठसा बुडाशीही असतो, तोडीनंतर खुंटावर राहावा म्हणून. तो नसेल तर फोटो काढून लगेच वनमंडळ अधिकाऱ्यांना लेखी कळवा.